जावातलं एक्सेप्शन हँडलिंग: आत नेमकं काय चालतं, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीममध्ये नवीन कोणी आलं की पहिल्या दोन महिन्यांत हेच प्रश्न येतात, कधी चहाच्या टपरीवर तर कधी रात्री साडेअकराला प्रॉड (ग्राहक वापरतात ती चालू सिस्टिम) फाटल्यावर. दरवेळी तेच बोलून घसा कोरडा पडतो म्हणून एकदाच टाइप करून ठेवतोय. सगळं जावाबद्दल आहे आणि जिथे जेव्हीएमच्या (जावाचा प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) आतल्या गोष्टी आल्यात तिथे हॉटस्पॉट नावाचं जेव्हीएम धरलंय, कारण बहुतेकांच्या मशिनवर तेच असतं. ट्राय कॅच कसं लिहायचं ते कॉलेजात झालंय असं गृहीत धरतोय.

एक्सेप्शन म्हणजे नक्की काय? आणि एरर वेगळा का?

साधं ऑब्जेक्ट आहे हो. न्यू केलं की बाकीच्यांसारखंच हीपवर बनतं, त्यात फील्ड असतात, मेथड असतात, पाहिजे तर लिस्टमध्ये भरून ठेवा, कोणी नाही म्हणत नाही. फरक एवढाच की त्याचा पूर्वज थ्रोएबल असतो आणि जेव्हीएम थ्रोएबलच्या वंशातलंच ऑब्जेक्ट फेकू देतं.

थ्रोएबलला दोन मुलं, एरर आणि एक्सेप्शन. एक्सेप्शनच्या घरात रनटाइमएक्सेप्शन नावाचं एक वेगळं बिऱ्हाड. एरर म्हणजे मेमरी संपली, स्टॅक फुटला, क्लास सापडला नाही असली दुखणी, ज्यावर तुमच्या कोडला सहसा काही करता येत नाही. रनटाइमएक्सेप्शन म्हणजे बऱ्याचदा आपलाच बग. उरलेली चेक्ड, म्हणजे पकडा नाहीतर थ्रोजमध्ये लिहा असा कंपायलरचा हट्ट असतो ती, त्यांच्यावर खाली वेगळं भांडण आहे.

थ्रो झाल्यावर जेव्हीएम नेमकं करतं काय?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, पण याचं उत्तर एकदा डोक्यात बसलं की बाकीचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात, म्हणून जरा सावकाश सांगतो.

तुम्ही ट्राय लिहिता तेव्हा बाइटकोडमध्ये (कंपायलर जेव्हीएमसाठी बनवतो तो कोड) ट्राय नावाची कुठलीही इन्स्ट्रक्शन बनत नाही. कंपायलर ट्रायच्या आतला कोड जसाच्या तसा टाकतो, आणि प्रत्येक मेथडच्या मागे एक छोटा तक्ता जोडतो, त्याला एक्सेप्शन टेबल म्हणतात. तक्त्यात चार रकाने: कुठून, कुठपर्यंत, कुठे उडी मारायची आणि कुठल्या टाइपसाठी. समजा ओळ अशी आहे की ० पासून ९ पर्यंत, उडी १२ वर, टाइप आयओएक्सेप्शन. म्हणजे ० ते ८ या बाइटांमधल्या कुठल्याही इन्स्ट्रक्शनवर आयओएक्सेप्शन किंवा त्याचं कुठलं पिल्लू उडालं तर सरळ १२ वर जा. ९ धरत नाहीत, शेवटचा आकडा कायम बाहेरच असतो.

आता थ्रो झालं. जेव्हीएम बघतं की आत्ता आपण या मेथडमध्ये कितव्या बाइटवर आहोत, मग तक्ता वरून खाली वाचत जातं आणि पहिली जी ओळ लागू पडेल तिथे थांबतं. पहिली हं, सगळ्यात चपखल बसणारी नाही. म्हणून तर कॅच लिहिताना आधी पोरगं मग बाप असा क्रम लागतो, आणि बाप आधी लिहिला तर कंपायलरच हात धरतो. ओळ सापडली की त्या फ्रेमचा (स्टॅकवरची त्या मेथडच्या चालू कॉलची जागा) ऑपरंड स्टॅक, म्हणजे हिशेबातल्या मधल्या किमती ठेवायची जागा, रिकामा करतात, त्यावर फक्त एक्सेप्शनचा रेफरन्स ठेवतात आणि उडी मारतात. लोकल व्हेरिएबल्स मात्र जशीच्या तशी राहतात.

नाही सापडली तर ही फ्रेमच टाकून देतात. मेथड सिंक्रोनाइज्ड असेल तर जाता जाता तिचं लॉक सोडतात, आणि मग जिने हिला बोलावलं होतं त्या मेथडच्या तक्त्यात तेच शोधकाम, फक्त आता जागा म्हणजे तो कॉल जिथे केला होता ती इन्स्ट्रक्शन. असं करत करत वर. सगळ्यात वरच्या फ्रेममध्येही कोणी नाही भेटलं तर तो थ्रेड संपला.

म्हणजे पूर्ण प्रोग्रॅम बंद पडतो ना?

नाही! इथेच लोक फसतात. मरतो तो फक्त तेवढा थ्रेड. मरताना त्याचा अनकॉटएक्सेप्शनहँडलर बोलावतात, तो तुम्ही लावला नसेल तर डीफॉल्ट वागणं म्हणजे स्टॅक ट्रेस स्टँडर्ड एररवर छापणं आणि गप्प बसणं. दुसरे नॉन-डीमन थ्रेड (जे संपेपर्यंत जेव्हीएम थांबतं ते) चालू असतील तर प्रोसेस छान चालू राहते. मेन थ्रेड मेला तरी सर्व्हर उभा दिसतो, कारण बाकीचे पूलवाले थ्रेड जिवंत असतात.

न पकडलेल्या एक्सेप्शनने केवढं रामायण होऊ शकतं ते बघायचं असेल तर ४ जून १९९६ चं आरिआन ५ रॉकेटचं पहिलं उड्डाण बघा. तिथे जावा नव्हती, ॲडा होती. ६४ बिटांचा एक फ्लोटिंग आकडा १६ बिटांच्या पूर्णांकात कोंबताना तो मावला नाही, एक्सेप्शन उडालं, त्या रूपांतराला हँडलर नव्हता, आणि दिशा सांगणारा कॉम्प्युटर बंद झाला. स्टँडबायला दुसरा होता पण त्यातही तेच सॉफ्टवेअर, तो तर त्याच कारणाने क्षणभर आधीच गेला होता. सुमारे ४० सेकंदांत रॉकेटचे तुकडे. त्यात कहर म्हणजे तो कोड आरिआन ४ वरून जसाच्या तसा उचललेला होता आणि उड्डाणानंतर या रॉकेटला त्या हिशेबाची गरजच नव्हती.

ट्राय ब्लॉक टाकला की कोड स्लो होतो का?

नाही. वरचं वाचलं असेल तर कारण कळलंच असेल, काही उडालं नाही तर तक्त्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

मग एक्सेप्शन महाग असतं असं सगळे का म्हणतात?

महाग असतं ते न्यू. थ्रोएबलच्या कन्स्ट्रक्टरमध्ये फिलइनस्टॅकट्रेस नावाची मेथड चालते, ती आतून नेटिव्ह आहे, आणि ती त्या क्षणी स्टॅकवर असलेल्या फ्रेम्स एकेक करून नोंदवत जाते. स्टॅक जितका खोल तितका खर्च जास्त. आता एखाद्या मोठ्या वेब फ्रेमवर्कखाली तुमची मेथड शेदीडशे फ्रेम खाली असते (फिल्टर, प्रॉक्सी, इंटरसेप्टर, अजून प्रॉक्सी), तिथे प्रत्येक रिक्वेस्टला तीन चार एक्सेप्शन फक्त इफ एल्ससारखी वापरली की प्रोफायलरमध्ये ते ठळक दिसायला लागतं.

यातून अजून एक गोष्ट लक्षात घ्या. स्टॅक ट्रेस ऑब्जेक्ट बनताना भरला जातो, फेकताना नाही. काही हुशार लोक एक स्टॅटिक एक्सेप्शन आधीच बनवून ठेवतात आणि तेच तेच फेकतात, मग ट्रेसमध्ये ज्या लाइनवर ते बनलं ती लाइन दिसते आणि बघणारा वेडा होतो. खर्च खरंच वाचवायचा असेल तर जावा ७ पासून थ्रोएबलला चार आर्ग्युमेंटवाला प्रोटेक्टेड कन्स्ट्रक्टर आहे, त्यात शेवटचं आर्ग्युमेंट फॉल्स दिलं की ट्रेस भरतच नाही. पण हे आधी मोजून मगच करा, उगाच हौस म्हणून नको. दहापैकी नऊ ठिकाणी तुमचा वेळ डेटाबेसमध्ये चाललेला असतो, एक्सेप्शनमध्ये नाही.

जेआयटी कंपायलरबद्दलही (चालता चालता बाइटकोडचा मशीन कोड करणारा) सांगून ठेवतो. फेकणारी आणि पकडणारी मेथड दोन्ही इनलाइन होऊन (कॉलच्या जागी मेथडचा कोडच टाकून) एकाच कंपाइल्ड तुकड्यात आल्या तर सी२, म्हणजे हॉटस्पॉटचा जेआयटी, त्या थ्रोची साधी उडी करून टाकू शकतो, तेव्हा फेकण्याचा खर्च जवळजवळ शून्य. ट्रेस भरायचा खर्च मात्र तरीही राहतो.

लॉगमध्ये नलपॉइंटरएक्सेप्शन एवढंच लिहिलंय, खाली एकही लाइन नाही. लॉगर बिघडलाय का?

लॉगर बिचारा बरोबर आहे. हे मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा दोन तास लॉगिंगच्या कॉन्फिगला शिव्या घातल्या होत्या.

होतं असं की एखादी मेथड खूप वेळा चालली आणि त्याच जागी तेच एक्सेप्शन परत परत उडत राहिलं तर सी२ म्हणतो, हे रोजचंच आहे, दरवेळी नवीन ऑब्जेक्ट कशाला. मग तो आधीच बनवून ठेवलेलं एक ऑब्जेक्ट फेकायला लागतो, त्यात ना मेसेज ना स्टॅक ट्रेस. नलपॉइंटर, ॲरेइंडेक्सआउटऑफबाउंड्स, अरिथमेटिक, क्लासकास्ट, ॲरेस्टोअर असल्या जेव्हीएम स्वतः फेकतं त्या ठरावीक एक्सेप्शनलाच हे लागू आहे, तुम्ही हाताने न्यू करून फेकलेल्यांना नाही. ऑप्शनचं नाव ओमिटस्टॅकट्रेसइनफास्टथ्रो, डीफॉल्ट चालूच असतो.

उपाय दोन. पहिला फुकटचा: लॉगमध्ये मागे जा. सुरुवातीची काही एक्सेप्शन पूर्ण ट्रेससकट पडलेली असतातच, मेथड गरम व्हायच्या आधीची. प्रोसेस शेवटची कधी रीस्टार्ट झाली ते बघा आणि तिथून पुढे शोधा. आमच्याकडे तेव्हा जुने लॉग रोटेट होऊन उडून गेले होते म्हणून दुसरा उपाय करावा लागला, जेव्हीएमच्या ऑप्शनमध्ये वजा चिन्ह लावून हा फ्लॅग बंद केला, रीस्टार्ट मारला आणि पाच मिनिटांत लाइन नंबर हातात. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

जेव्हीएम प्रत्येक डॉटच्या आधी नल आहे का तपासतं? मग तेवढा वेळ जात नाही का?

कंपाइल्ड कोडमध्ये बऱ्याच ठिकाणी तपासतच नाही! नलचा पत्ता म्हणजे शून्य, आणि शून्याच्या आसपासची मेमरी ऑपरेटिंग सिस्टिमने कोणाला दिलेली नसते. जेव्हीएम बिनधास्त वाचायला जातं, नल असेल तर प्रोसेसर लाथ मारतो, लिनक्सवर सेगमेंटेशन फॉल्टचा सिग्नल येतो, तो जेव्हीएमच्या सिग्नल हँडलरने झेललेला असतो, आणि तिथे बघतात की हा पत्ता आपल्या ओळखीच्या जागेचा आहे, मग त्याचं नलपॉइंटरएक्सेप्शन बनवून तुमच्या हातात देतात. सी मध्ये ज्या फॉल्टने प्रोग्रॅम ढगात जातो त्याच फॉल्टवर जावाचं नल चेक उभं आहे, मला तर हे अजूनही भारी वाटतं.

नलपॉइंटरमध्ये आता लांबलचक वाक्य येतं, ते कधीपासून?

जावा १४ पासून, मार्च २०२० मध्ये आलं. तेव्हा फ्लॅग लावून चालू करावं लागायचं, १५ पासून आपोआप चालू. आधी ऑर्डर डॉट गेटकस्टमर डॉट गेटॲड्रेस डॉट गेटपिनकोड अशी एकाच ओळीत माळ असली की लाइन नंबर मिळूनही उपयोग नव्हता, नेमकं कोण नल ते कळायचं नाही. आता कुठल्या मेथडचा रिटर्न नल होता ते नावासकट सांगतात. हा मेसेज तुम्ही मागितल्यावरच बनतो, बाइटकोड उलटा वाचून, त्यामुळे कोणी बघितलाच नाही तर त्याचा खर्चही नाही. लोकल व्हेरिएबलचं नाव न दिसता लोकल४ असं काहीतरी दिसलं तर समजा की कोड डीबग माहितीशिवाय कंपाइल झालाय.

अजून ८ वर अडकलेल्या प्रोजेक्टवाल्यांना माझी सहानुभूती.

फायनली नेहमी चालतंच ना?

इंटरव्ह्यूचा लाडका प्रश्न. बहुतेक वेळा हो. नाही चालत ते असं: सिस्टिम डॉट एक्झिट मारलं, बाहेरून किल मायनस ९ आला, लाइट गेली, ट्रायच्या आत इन्फिनिट लूपमध्ये अडकलात, किंवा तुमचा थ्रेड डीमन होता आणि जेव्हीएमने दुकान बंद केलं.

त्यापेक्षा जास्त त्रास देणारी गोष्ट म्हणजे फायनलीच्या आत रिटर्न लिहिणं. ट्रायमध्ये एक्सेप्शन उडालं, ते वर निघालं होतं, वाटेत फायनली आलं आणि त्याने रिटर्न केलं, संपलं, एक्सेप्शन गायब. ना लॉग, ना आवाज. कंपायलरला लिंटचा फायनलीवाला ऑप्शन दिला तर तो कुरकुर करतो, तो लावून ठेवा.

अजून एक गंमत. ट्रायमध्ये रिटर्न एक्स लिहिलं आणि फायनलीमध्ये एक्सला ५ केलं, तर बाहेर जुनाच एक्स जातो. कारण रिटर्नची किंमत आधी बाजूला काढून ठेवतात, मग फायनली चालवतात, मग ती बाजूला ठेवलेली देतात. (एक्स ही लिस्ट वगैरे असेल आणि तुम्ही तिच्या आतलं बदललं, तर ते मात्र दिसणार, कारण बाजूला ठेवलाय तो रेफरन्स.)

फायनली बाइटकोडमध्ये कसं बनतं?

झेरॉक्स काढून. एक ट्राय, एक कॅच, एक फायनली असेल तर फायनलीचा कोड किमान तीनदा छापला जातो: ट्राय नीट संपला त्या वाटेवर, कॅच नीट संपला त्या वाटेवर, आणि बाकी काहीही उडालं त्यासाठी. मध्ये रिटर्न असतील तर प्रत्येकाच्या आधी अजून एक प्रत. त्यामुळे फायनलीमध्ये पन्नास ओळी लिहू नका, मेथड फुगते.

पूर्वी असं नव्हतं. जेएसआर आणि रेट अशा दोन इन्स्ट्रक्शन होत्या, फायनली एकदाच छापायचे आणि सबरूटीनसारखं तिथे जाऊन परत यायचे. जागा वाचायची पण बाइटकोड तपासणाऱ्या व्हेरिफायरचा जीव जायचा, एकाच तुकड्यात वेगवेगळ्या वाटांनी वेगवेगळे टाइप घेऊन लोक यायचे. शेवटी जावा ७ च्या क्लास फाइलपासून, म्हणजे व्हर्जन ५१ पासून, या दोन्हींवर बंदीच घातली.

ट्राय विथ रिसोर्सेस वापरू की जुनं फायनलीच बरं?

वापरा, चर्चाच नको. २०११ पासून, जावा ७ मध्ये आलंय. जुन्या पद्धतीत ट्रायमध्ये खरं एक्सेप्शन उडायचं, मग फायनलीतल्या क्लोजमध्ये दुसरं उडायचं, आणि दुसरं पहिल्याला खाऊन टाकायचं. तुम्हाला दिसायचं कनेक्शन क्लोज होत नाहीये, मूळ दुखणं भलतंच. नव्या पद्धतीत मूळ एक्सेप्शनच वर जातं आणि क्लोजवालं त्याच्या पाठीवर सप्रेस्ड म्हणून बसतं, ट्रेसमध्ये तेही छापलं जातं. रिसोर्स ज्या क्रमाने उघडले त्याच्या उलट क्रमाने बंद होतात, आणि एखादा नल असेल तर त्याला गपचूप सोडून देतात.

चेक्ड एक्सेप्शन चांगलं की वाईट?

यावर लोकांची लग्नं मोडतील एवढे वाद झालेत. आधी फॅक्ट सांगतो: जेव्हीएमला चालवताना चेक्ड अनचेक्ड हा फरक माहीतच नसतो. सगळं कंपायलरच्या पातळीवरचं आहे. थ्रोज म्हणून जे लिहिता ते क्लास फाइलमध्ये नोंदवलं जातं पण चालताना कोणी तपासत नाही. म्हणून तर कॉटलिन त्याच जेव्हीएमवर चालतं आणि त्यात चेक्ड हा प्रकारच नाही. जेनेरिक्सची एक युक्ती वापरून जावातही चेक्ड एक्सेप्शन न सांगता फेकता येतं, कंपायलर फसतो आणि जेव्हीएमला काही पडलेलीच नसते. सी शार्पवाल्यांनी तर जावाचा अनुभव डोळ्यासमोर असताना ठरवूनच हे घेतलं नाही.

आता माझं मत. कल्पना चांगली होती, म्हणजे फाइल वाचताय तर ती नसेल याचा विचार कर असं भाषेनेच बजावणं. पण माणसं कशी वागतात? कंपायलर ओरडतो, आयडीई म्हणतो ट्राय कॅच टाकू का, आपण एंटर मारतो, आत रिकामा कॅच, कंपाइल झालं, घरी चला. जबाबदारीची जाणीव करून द्यायला आणलेली गोष्ट आणि तिनेच सगळ्यात जास्त एक्सेप्शन गिळायला लावली. आणि २०१४ मध्ये जावा ८ मध्ये लॅम्ब्डा आले तेव्हा तर पारच गाडी अडली, कारण फंक्शन वगैरे इंटरफेसच्या मेथडवर थ्रोज नाही, त्यामुळे स्ट्रीमच्या मॅपमध्ये फाइल वाचायची म्हटली की आत ट्राय कॅच कोंबा. भाषेनेच मग अनचेक्डआयओएक्सेप्शन नावाचा क्लास त्याच व्हर्जनमध्ये दिला, त्यावरून काय ते समजा. मी नवीन कोडमध्ये स्वतःचं चेक्ड एक्सेप्शन जवळजवळ बनवतच नाही, अपवाद एकच, बोलावणाऱ्याने त्यावर खरंच काही वेगळं करावं अशी अपेक्षा असेल तर.

सगळीकडे कॅच एक्सेप्शन ई लिहिलं तर बिघडलं काय?

मांजर डोळे मिटून दूध पितं, पण बघणाऱ्यांना दिसतं. तुमचा बगही तसाच दिसणार, फक्त तीन दिवसांनी आणि कस्टमरला.

रिव्ह्यूमध्ये मला दिसणारी पापं, चढत्या क्रमाने: प्रिंटस्टॅकट्रेस, जे लॉग फाइलमध्ये जाईलच याची खात्री नाही. मग लॉगमध्ये फक्त ई डॉट गेटमेसेज, जो जुन्या जावातल्या नलपॉइंटरला नल असतो, म्हणजे लॉगमध्ये लिहिलेलं असतं "एरर: नल", घ्या आता डोंबल. मग लॉगही करायचं आणि परत फेकायचंही, त्यामुळे एकाच भानगडीचे चार लेयरमध्ये चार ट्रेस आणि बघणाऱ्याला वाटतं चार बग आहेत. आणि सगळ्यात मोठं, नवीन एक्सेप्शन बनवून फेकताना जुनं कॉज म्हणून न देणं. कॉजची सोय २००२ पासून आहे, जावा १.४ पासून, अहो तेव्हा आत्ताचे काही इंटर्न जन्मलेही नव्हते, तरी लोक विसरतात. लॉगरला शेवटचं आर्ग्युमेंट म्हणून पूर्ण एक्सेप्शन द्या, स्ट्रिंगला जोडू नका. एवढं केलंत तरी अर्ध्या रात्री वाचतील.

ट्रेस दीडशे ओळींचा आहे, वाचू कुठून?

खालून. शेवटचं कॉज्ड बाय शोधा, मूळ दुखणं बहुधा तिथे. त्याखाली तुमच्या पॅकेजचं नाव असलेली पहिली ओळ शोधा. "२३ मोअर" असं दिसलं तर घाबरू नका, काही लपवलेलं नाही, त्या २३ फ्रेम वरच्या ट्रेसच्या शेवटच्या २३ फ्रेमसारख्याच आहेत म्हणून परत छापल्या नाहीत एवढंच.

जार क्लासपाथवर आहे तरी नोक्लासडेफफाउंडएरर येतोय, का?

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मेसेजमध्ये "क्लास इनिशियलाइझ करता आला नाही" अशा अर्थाचं वाक्य असेल तर जार शोधत बसू नका. त्या क्लासच्या स्टॅटिक ब्लॉकमध्ये किंवा स्टॅटिक फील्ड भरताना काहीतरी फाटलंय. पहिल्यांदा फाटतं तेव्हा एक्सेप्शनइनइनिशियलायझरएरर येतो, खऱ्या कारणासकट. मग जेव्हीएम त्या क्लासवर कायमचा शिक्का मारतं की हा बाद, आणि नंतर जो कोणी त्याला हात लावेल त्याला नोक्लासडेफफाउंड. लॉगमध्ये हा दुसरा हजारदा असतो आणि पहिला एकदाच, तोही बऱ्याचदा स्टार्टअपच्या गर्दीत. तो एक शोधा. क्लासनॉटफाउंडएक्सेप्शन हे आणखी वेगळं प्रकरण, नावाने क्लास लोड करायला गेलात आणि नाही मिळाला, तेव्हा खरंच जार बघा.

आउटऑफमेमरीएरर आणि स्टॅकओव्हरफ्लो कॅच करावेत का?

आउटऑफमेमरी पकडून करणार काय, लॉगची स्ट्रिंग बनवायलाही मेमरी लागते. जेव्हीएम स्वतःसुद्धा असली काही ऑब्जेक्ट आधीच बनवून ठेवतं, ऐनवेळी जागा नसेल म्हणून. त्यापेक्षा हीप डंप काढायचा ऑप्शन आणि लगेच बाहेर पडायचा ऑप्शन लावा, बाकी ऑर्केस्ट्रेटर (प्रोसेसवर लक्ष ठेवणारी सिस्टिम) रीस्टार्ट करेल. आणि मेसेज पूर्ण वाचा, "नेटिव्ह थ्रेड बनवता आला नाही" असं असेल तर हीप वाढवून उलट वाट लागेल, तिथे थ्रेड जास्त झालेत.

स्टॅकओव्हरफ्लो त्यामानाने सभ्य. ६४ बिट लिनक्सवर थ्रेडचा स्टॅक डीफॉल्ट १ एमबी, त्याच्या टोकाला जेव्हीएमने राखीव पानं ठेवलेली असतात, तिथे पाय पडला की एरर. ट्रेसमध्ये जास्तीत जास्त १०२४ फ्रेम येतात, त्यामुळे रिकर्शन चालू कोणी केलं ते बऱ्याचदा दिसतच नाही, तेवढ्यापुरती मर्यादा फ्लॅगने वाढवा.

थ्रेड पूलमध्ये टाकलेलं काम फाटलं तर कळत का नाही?

कारण तुम्ही सबमिट वापरलंत. एक्झिक्यूटने टाकलेलं काम फाटलं तर अनकॉट हँडलरपर्यंत येतं, निदान स्टँडर्ड एररवर तरी दिसतं. सबमिटने टाकलेल्याचं एक्सेप्शन सबमिटने परत दिलेल्या फ्युचर ऑब्जेक्टच्या पोटात जाऊन बसतं, आणि तुम्ही गेट बोलावलंत तरच एक्झिक्यूशनएक्सेप्शनमध्ये गुंडाळून बाहेर येतं. गेट कोणी बोलावलंच नाही तर गेलं ते.

याचा मोठा भाऊ म्हणजे शेड्यूल ॲट फिक्स्ड रेट. त्यात एकदा जरी एक्सेप्शन बाहेर पडलं तरी पुढच्या सगळ्या फेऱ्या रद्द होतात, न बोलता. एका जुन्या प्रोजेक्टवर दर दहा मिनिटांनी पेमेंटची फाइल उचलणारा जॉब होता, एका पहाटे तो थांबला आणि कोणालाच कळलं नाही, प्रोसेस जिवंत, सीपीयू छान, हेल्थ चेक हिरवागार, आणि दुपारी कोणीतरी विचारलं की आज एकही एंट्री कशी नाही. कारण काय, तर समोरून आलेल्या फाइलमध्ये रक्कम १,२५,००० अशी स्वल्पविराम देऊन आली होती आणि पार्सलाँगने नंबरफॉरमॅटएक्सेप्शन मारलं. एका स्वल्पविरामाने अख्खा जॉब बंद. कोड माझाच होता, सांगायला लाज नाही. इथे मात्र रन मेथडच्या सगळ्यात बाहेर मोठं कॅच लावणं बरोबर आहे, ट्रेससकट लॉग करा आणि पुढच्या फेरीला जाऊ द्या.

इंटरप्टेडएक्सेप्शनमध्ये काय लिहायचं?

एकतर तसंच वर जाऊ द्या, नाहीतर कॅचमध्ये चालू थ्रेडवर परत इंटरप्ट बोलवा. हे एक्सेप्शन फेकताना थ्रेडचा "इंटरप्ट झालाय" सांगणारा झेंडा उतरवतात, तुम्ही गिळलंत तर वरच्यांना कळतच नाही की थांबायला सांगितलं होतं, आणि शटडाउनला प्रोसेस तशीच लटकून राहते.

दुसऱ्या थ्रेडमध्ये बाहेरून एक्सेप्शन फेकता येतं का?

थ्रेड डॉट स्टॉप हेच करायचं. कुठल्याही ओळीवर, लॉक हातात असताना, डेटा अर्धवट बदललेला असताना. पहिल्या काही वर्षांतच त्याला डेप्रिकेट केलं, आणि जावा २० मध्ये तर ते बोलावलं की अनसपोर्टेडऑपरेशनएक्सेप्शन यायला लागलं.

बाकीच्या भाषांत पण असाच तक्ता असतो का?

कल्पना बऱ्याच ठिकाणी तीच. सी प्लस प्लसमध्ये नेहमीच्या लिनक्स कंपायलरवर तक्तेच असतात, पण शोध दोन फेऱ्यांत होतो, आधी पकडणारा कोणी आहे का ते बघतात आणि मग परत खालून डिस्ट्रक्टर चालवत वर जातात. तिथे फायनली नाहीच, साफसफाई डिस्ट्रक्टरकडे. पायथनने २०२२ मध्ये ३.११ पासून तक्त्याची पद्धत घेतली, त्याआधी ट्राय सुरू झाला की प्रत्यक्ष एक नोंद करावी लागायची. गोवाले म्हणतात एरर म्हणजे साधी व्हॅल्यू आहे, रिटर्न करा आणि दर तीन ओळींनी तपासा. ज्याचा त्याचा स्वभाव.

हा तक्ता स्वतःच्या डोळ्यांनी कुठे बघू?

जेडीकेसोबत जावापी नावाचं टूल येतं. एक छोटा क्लास लिहा, ट्राय, कॅच, फायनली सगळं टाकून, कंपाइल करा, आणि जावापीला मायनस सी देऊन त्या क्लासवर चालवा. प्रत्येक मेथडच्या खाली एक्सेप्शन टेबल दिसेल, फ्रॉम, टू, टार्गेट, टाइप. टाइपच्या रकान्यात एनी दिसलं की ते फायनली. मग एक ट्रायशिवायची मेथड लिहा, फक्त एक सिंक्रोनाइज्ड ब्लॉक टाका आणि परत बघा, तिथेही एनी असलेल्या ओळी दिसतील, तुम्ही न लिहिलेल्या. त्या का आल्या ते मी सांगणार नाही, वर एका उत्तरात लॉकबद्दल जे लिहिलंय ते परत वाचा आणि मला सांगा.